मापवहीतल्या बायकांना डोकं नसतं

डोंबिवलीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे सोसायटीच्या तळमजल्यावरचा एक गाळा, दोन मशीन, एक ओव्हरलॉक, पडदा लावलेला ट्रायलचा कोपरा आणि भिंतीला टेकवलेला उभा आरसा. आजवर किती बायकांची मापं घेतली याचा हिशोब नाही, पण मापवह्या सगळ्या ठेवल्यात. त्यातलं पान कसं असतं ते शिवणाऱ्यांना सांगायला नको. उंची, शोल्डर, छाती, कंबर, मुंढा, दंडघेर, बाही, पुढचा गळा, मागचा गळा. कडेला गळ्याचा आकार लक्षात राहावा म्हणून एक कच्चं चित्र. त्या चित्रातली बाई खांद्यापासून सुरू होते आणि कमरेला संपते. हात कोपरापर्यंत. पाय नाहीत. डोकं तर नाहीच.

आणि चित्रकलेच्या वर्गात सर पहिल्याच रविवारी म्हणाले, "ताई, डोक्यापासून सुरुवात करा. डोकं हेच तुमचं माप."

म्हणजे शरीर मला पाठ आहे म्हणून मी मोठ्या ऐटीत गेले होते आणि नेमका पाठ नसलेला भाग हाच इथला पाया निघाला.

वर्ग जवळच्याच एका सोसायटीच्या हॉलमध्ये भरतो. सर महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. हॉलच्या एका कोपऱ्यात एलिमेंटरी-इंटरमिजिएटची मुलं, दुसऱ्या कोपऱ्यात आम्ही मोठी माणसं: आर्ट कॉलेजच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या दोन मुली, एक आयटीतला मुलगा, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आणि मी. मुली मला काकू म्हणतात. खुर्च्या लग्नकार्यातल्या, प्लास्टिकच्या. मॉडेल म्हणून आमच्यापैकीच कुणीतरी पाळीपाळीने पुढे जाऊन उभं राहायचं.

शाळेत असताना मीही एलिमेंटरी दिली होती. त्यात स्मरणचित्राचा पेपर असतो आणि महाराष्ट्रात तो पेपर दिलेल्या कुणालाही विचारा, त्याचा एक ठरलेला संच असतोच. विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका, आठवडी बाजार, बसथांबा. आमच्या शाळेत सगळ्यांनी एकच बाई पाठ केली होती. पाठमोरी, डोक्यावर घागर, एक हात वर. पाठमोरी का, तर चेहरा काढावा लागत नाही. पावलं गवतात बुडालेली, कारण पावलं कुणालाच जमायची नाहीत. दुसरा हात पदरामागे. त्या बाईचं जे जे अवघड होतं ते सगळं कुठे ना कुठे लपवलेलं असायचं. आजही हॉलच्या त्या कोपऱ्यात डोकावलं की तीच बाई तशीच घागर घेऊन उभी दिसते. मला फार बरं वाटतं तिला बघून, पण तिच्याकडून शिकण्यासारखं काही नाही.

तर डोकं. आम्ही शिवणारे शरीराचा हिशोब छातीवरून करतो. छातीचा चौथा भाग, सहावा भाग, गळ्याच्या रुंदीला बारावा भाग. एकदा छाती कळली की कागदावरचा निम्मा ब्लाउज आपोआप उभा राहतो. चित्रकार हाच हिशोब डोक्यावरून करतात. साधारण मोठा माणूस साडेसात डोकी उंच. चित्रात जरा रुबाबदार दिसावा म्हणून आठ धरतात. हनुवटीपासून एक डोकं खाली आलं की छातीची रेघ, आणखी एक डोकं की साधारण बेंबी, आणि शरीराचा बरोबर मध्य कमरेवर नसून त्याच्या बराच खाली, जांघेपाशी येतो. हे मला पहिल्यांदा खरंच वाटलं नाही. मी दुकानात आरशासमोर उभी राहून टेप लावला. येतो. इतकी वर्षं कमरेला मध्य समजून चालले होते, कारण माझं काम कमरेशीच संपायचं.

आणखी काही गोष्टी ज्या टेपने ताडून बघितल्या: हात खाली सोडले की कोपर कमरेपाशी येतं आणि मनगट जांघेच्या रेषेत. हाताचा पंजा हनुवटीवर टेकवून चेहऱ्यावर ठेवला की बोटं कपाळावर केसांच्या रेघेपर्यंत पोचतात. म्हणजे पंजा चेहऱ्याएवढा! नवशिके पंजे हमखास लहान काढतात, आमच्या वर्गातल्या सगळ्यांचे तसेच यायचे, नाजूक, बाहुलीचे. पाऊल कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताएवढं. दोन्ही हात पसरले की जेवढी लांबी, जवळपास तेवढीच उंची. डोळे डोक्याच्या निम्म्यात, वर नाहीत. तान्हं बाळ जेमतेम चार डोक्यांचं असतं. झबल्याचा गळा बाळाच्या अंगाच्या मानाने एवढा मोठा का ठेवावा लागतो, ते तोवर मी फक्त हाताने जाणत होते.

माझी मुलगी फॅशन डिझाइन शिकते. तिच्या वहीत नऊ नऊ, दहा दहा डोक्यांच्या बायका असतात, गुडघ्याखाली तर पाय संपतच नाहीत. मी माझी साडेसात डोक्यांची बाई दाखवली तर म्हणाली, "आई, ही रॅम्पवर बुटकी दिसेल." दिसू दे. दहा डोक्यांची बाई आजवर माझ्या दुकानात ट्रायलला आलेली नाही. येतात त्या मोबाइलमध्ये असल्या बाईचा फोटो घेऊन. "अगदी असाच गळा हवा." गळा देता येतो. फोटोतली मान कुठून आणू?

हा डोक्याचा हिशोब परदेशातूनच आला असेल असं मला वाटायचं. सरांनी सांगितलं की आपल्या मूर्तिशास्त्रातही हेच आहे, फक्त तिथे सबंध डोक्याऐवजी चेहरा धरतात. त्याला ताल म्हणतात. एक ताल म्हणजे 12 अंगुळं. नवतालाची मूर्ती 108 अंगुळांची. देवांना उंच ताल, बालरूपांना कमी, आणि गणपती पाच तालांचा. गणपती कुणीही काढला, अगदी बालवाडीतल्या मुलाने, तरी तो गणपतीच का दिसतो याचं एक कारण हेही असणार. मोठं डोकं, आखूड अंग. पेणहून येणाऱ्या मूर्ती यंदा मी वेगळ्या नजरेने बघितल्या, मनातल्या मनात चेहऱ्याने अंग मोजत. मागे रांग खोळंबली होती.

पण मापं कळली म्हणजे माणूस काढता येतो असं नाही. माझी तर उलटी पंचाईत झाली. टेप शरीराभोवती फिरतो. छाती छत्तीस म्हणजे सगळीकडून मिळून छत्तीस. डोळा फक्त समोरून बघतो. दोन बायका, दोघी छत्तीस. एक रुंद आणि चपटी, दुसरी अरुंद पण पुढेमागे भरलेली. माझ्या वहीत दोघींच्या पानावर एकच आकडा. कागदावर मात्र समोरून पहिली दुसरीच्या दीडपट दिसते आणि बाजूने बघितलं की नेमकं उलट. मी समोरच्या मुलीची छाती मनातच टेपने मोजायची आणि तेवढी रुंदी कागदावर द्यायची. सगळ्या बायका बॅरलसारख्या यायच्या. सरांनी माझ्या हातात पेन्सिल उभी धरून दिली. हात कोपरात ताठ, एक डोळा मिटलेला, अंगठा पेन्सिलीवर सरकवायचा. "ताई, तुम्हाला किती माहितीये ते सोडा. दिसतंय किती ते सांगा."

दिसतंय किती ते सांगणं, हे मला अजूनही रोज नव्याने करावं लागतं. धंद्यात मी दिसण्यावर कधीच विश्वास ठेवला नाही. दिसायला बारीक बाई टेप लावला की चाळीस निघते. डोळा फसवतो, टेप खरं बोलतो, हे मी हाताखालच्या मुलींना शिकवत आले. आता चाळिशी ओलांडून दुसरी शाळा.

सगळ्यात आधी उपयोगाला आली ती कातरण. झालं असं की काका कमरेवर हात ठेवून उभे होते आणि माझा तो कोपरातला हात काही केल्या बसेना. सर म्हणाले, हात काढूच नका. हात आणि कमर यांच्यामधून मागची भिंत दिसतेय, तिचा तुकडा काढा. तो तुकडा म्हणजे एक वाकडा त्रिकोण. मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, कापल्यावर जो तुकडा खाली पडतो, अगदी तसा. मला कापडापेक्षा कातरणीचे आकार जास्त ओळखीचे आहेत, गोणीच्या गोणी भरल्यात. तो त्रिकोण मी एका झटक्यात काढला आणि हात आपोआप जागेवर आला. तेव्हापासून अडलं की मी माणसाकडे बघायचं सोडून त्याच्या आजूबाजूच्या रिकाम्या तुकड्यांकडे बघते. दोन पायांमधला लांबोळका, काखेतली फट, मानेला लागून खांद्यावरचा कोन.

त्यानंतर झटपट चित्रं. मोबाइलवर गजर लावायचा, एक मिनिट. कधी अर्धंच. तेवढ्यात आख्खा माणूस. बाह्यरेषा काढत बसलं तर कानापर्यंतच पोचतो. सर म्हणतात, काय करतोय ते काढा, कोण आहे ते नको. पेन्सिलीने माझी सवय सुटेना, मी ब्लाउजच्या शिवणीवरून फिरल्यासारखी कडेकडेनेच फिरायची. मग एकदा दुकानातला खडू आणि फर्म्याचा खाकी कागद घेऊन गेले. शिंप्याचा चपटा खडू आडवा धरला की बोटभर रुंद पट्टा उठतो, धारेवर धरला की बारीक रेघ. आडव्या खडूने कड काढताच येत नाही. पाठ काढायची तर पाठच काढावी लागते, एका फटकाऱ्यात. आयटीतल्या मुलाने दुसऱ्या रविवारी माझ्याकडून खडूचा डबा मागून घेतला. कोळशाच्या कांडीपेक्षा स्वस्त पडतो आणि हात काळे होत नाहीत.

तरीही माझी माणसं उभी असायची ती खांबासारखी. इथे सरांनी वारली चित्रं काढली. म्हणजे फळ्यावर दोन त्रिकोण काढले, एक उलटा, एक सुलटा, टोकाला टोक लावलेले. वारली आता डायऱ्यांवर, कुर्त्यांवर, सोसायटीच्या भिंतींवर इतकी झालीय की आपण तिच्याकडे बघतच नाही. पूर्वी डहाणू-तलासरीकडे लग्नाचा चौक बायकाच लिहायच्या, गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कला कागदावर आणली, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. ते दोन त्रिकोण म्हणजे काय हो? वरचा बरगड्यांचा पिंजरा, खालचं ओटीपोट आणि खुबे. मध्ये कमर, एक ठिपका. आपल्या धडात न वाकणारे तुकडे हे दोनच, वाकते ती मधली कमर. वरचा त्रिकोण एकीकडे कलवा, खालचा दुसरीकडे, की माणूस नाचायला लागतो. तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांची ती वळसेदार रांग बघा, एकाचाही वरचा आणि खालचा त्रिकोण एका रेषेत नाही.

मी त्या दिवशी घरी येऊन नुसते त्रिकोण काढले. भांडी घासणारी शेजारीण, गॅलरीत वाकून कपडे वाळत घालणारी समोरची आजी, सिलिंडर खांद्यावर घेऊन जिना चढणारा माणूस. डोकं म्हणून एक गोळा. हात नाहीत, पाय नुसत्या काड्या. पण कोण वाकलंय, कुणाला ओझं झालंय ते कळत होतं.

मग माझी मॉडेल व्हायची पाळी आली. मला वाटलं, उभंच तर राहायचंय. दिवसभर मशीनवर बसणाऱ्या बाईला उभं राहायला मिळालं तर विश्रांतीच. पहिली दोन मिनिटं बरी गेली. मग सगळं वजन उजव्या पायावर सरकलं, मी न सरकवता. उजवा खुबा बाहेर गेला, वर चढला. डावा गुडघा सैल पडला. उजवा खांदा खाली आला, डोकं डावीकडे. सर तेवढ्यात बाकीच्यांना म्हणाले, "आता बघा, आता ताई खऱ्या उभ्या राहिल्या." सरांनी दोऱ्याला शिसाचा गोळा बांधलेला गवंड्याचा ओळंबा आणला होता. गळ्याच्या खाली दोन हाडांमध्ये जो खळगा असतो तिथून ओळंबा सोडला की तो कुठे पडतो? वजनाच्या पायाच्या आतल्या घोट्याशी. माझा तिथेच पडला. वजन दोन्ही पायांवर सारखं असेल तर दोन पायांच्या मधोमध. चित्रात तो भलतीकडे पडत असेल तर माणूस पडणार, बाकी नाकडोळे कितीही छान काढा.

मापं घेताना मी बायकांना इतकी वर्षं एकच वाक्य सांगत आलेय: "सरळ उभ्या राहा." आणि त्या राहतात. श्वास आत, पोट आत, खांदे मागे, नजर समोर. दोन मिनिटांपुरती एक वेगळीच बाई उभी राहते. त्या बाईचा ब्लाउज मी शिवते, आणि तो घालून घरी जाते ती दुसरी, एका पायावर भार देऊन रिक्षाची वाट बघणारी. "एका खांद्यावरून घसरतो हो," म्हणून परत येतात, आणि मी त्या खांद्याला अर्धा इंच दाबून देते. आता मी टेप बाजूला ठेवून आधी त्यांच्याशी गप्पा मारते. मुलांची परीक्षा, लग्न कुणाचं आहे, साडी कुठून घेतली. बोलता बोलता त्या आपल्या पायावर येतात. मग वहीत त्या पानावर दोन तिरप्या रेघा ओढते, वर खांद्याची, खाली खुब्यांची. तक्रारी बंद झाल्या म्हणणार नाही, ब्लाउजच्या तक्रारी कधीच बंद होत नाहीत.

आपल्याला सगळ्यात ओळखीची उभी आकृती म्हणजे विटेवरचा विठ्ठल. त्याचे पाय जुळलेले, भार दोन्हींवर सारखा, हात कमरेवर, दोन्ही कोपरांत सारखेच त्रिकोण. मूर्तिशास्त्रात याला समभंग म्हणतात. जरासा कललेला तो आभंग, आणि गुडघा, कमर, मान अशा तीन ठिकाणी वळलेला तो त्रिभंग, बासरीवाला कृष्ण. विठ्ठल कुणालाही काढता येतो, कारण तो दोन्हीकडून सारखा आहे, अर्धा काढून घडी घातली तरी चालेल. पण तो देव आहे, तो युगानुयुगं तसा उभा राहू शकतो. त्याच्यासमोर रांगेत उभी असलेली माणसं बघा, एकही समभंगात नसतो.

कडेवर मूल घेतलेली बाई मला सगळ्यात आवडते काढायला. खुबा बाहेर काढून तिने मुलाला बसायला जागा केलेली असते, आणि वरचं अंग विरुद्ध बाजूला झुकतं. मूल उतरलं तरी काही वेळ ती तशीच उभी असते.

साडीचं काय, हा प्रश्न मला शिवणारी म्हणून जास्त छळतो. कपड्याच्या चुण्या मी नुसत्या रेघारेघांनी काढायची. सरांनी गणपतराव म्हात्र्यांच्या ‘मंदिरपथगामिनी’चा फोटो दाखवला. 1890 च्या दशकात जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असताना त्या तरुण मुलाने हा पुतळा केला. नऊवारीतली बाई, हातात पूजेचं साहित्य, देवळाकडे निघालेली. पुतळ्यातली नऊवारी अंग झाकतेही आणि दाखवतेही. जिथे अंग कापडाला आतून ढकलतं, गुडघा, मांडी, खांदा, तिथे कापड सपाट, एकही चुणी नाही. चुण्या सुटतात त्या तिथून, एका टेकूपासून दुसऱ्या टेकूपर्यंत. म्हणजे चुणी काढायची तर आधी ती कुठल्या हाडाला लटकलीय ते शोधायचं. फिटिंग बघताना मी हेच करते! काखेत ओढ पडली की चुणी कुठून निघतेय ते बोटाने मागे मागे जात शोधायचं, दोष त्या टोकाला असतो. फक्त तिथे चुणी काढून टाकायची असते, इथे ठेवायची.

सावळाराम हळदणकरांचं दिव्याचं चित्र तुम्ही कॅलेंडरवर नक्की पाहिलं असेल. एका हातात समई, दुसरा हात ज्योतीपुढे, बोटांतून लाल उजेड. बरेच जण ते रविवर्म्याचं समजतात. ते हळदणकरांचं आहे, जलरंगातलं, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात. त्यासाठी उभी राहिली ती त्यांची मुलगी गीता, पुढच्या गीता उपळेकर, त्या 2018 साली वयाची शंभरी ओलांडून गेल्या. पूर्वी मी त्या चित्रात दिवा बघायची. आता बघते ती एका मुलीला, हात वर धरून बापासमोर तासन् तास उभी. दंड किती भरून आला असेल!

अस्तर, लेस, हुक आणायला मला मंगळदास मार्केटला जावं लागतं. डोंबिवलीहून स्लो गाडी पकडली की बायकांच्या डब्यात तास-सव्वा तासाचा वर्ग फुकट. पहिला धडा झोपलेल्या बायकांचा, त्या हलत नाहीत. मान खिडकीला टेकलेली, तोंड जरा उघडं, पर्स पोटाशी, आणि हात मात्र झोपेतही चेनवर घट्ट. दुसरा धडा चौथ्या सीटचा. मुंबईबाहेरच्यांना सांगते, आमच्या गाडीत तिघींच्या बाकावर चौघी बसतात, आणि चौथीला मिळते ती वीतभर जागा. ती एका बाजूवर बसते, दुसरी बाजू हवेत. एक पाय वाटेत रोवलेला, खांदे बाकीच्या तिघींकडे ढकललेले, हात वरच्या कडीला किंवा समोरच्या बाकाला. गळ्याच्या खळग्यातून ओळंबा सोडला तर तो बाकावर पडतच नाही, त्या रोवलेल्या पायापाशी जातो. म्हणजे चौथी सीटवाली बसलेली नसतेच, ती उभीच असते, फक्त गुडघ्यात वाकून. हे चित्र काढल्यावर मला कळलं. त्या सीटवर मी स्वतः आयुष्यातली किती वर्षं काढली, तेव्हा नव्हतं कळलं.

चेहरे मी काढत नाही. जमत नाहीत हे एक, आणि दुसरं म्हणजे कुणाला न विचारता तिचा चेहरा नेऊ नये. तरी बायका डोकावतातच. "काय हिशोब लिहिताय का?" म्हणून एकीने विचारलं. दाखवलं, तर म्हणाली, "अगं बाई, मी इतकी वाकून बसते?" आणि ताठ बसली. चित्र अर्धंच राहिलं.

गंमत म्हणजे मंगळदासला जाताना सीएसएमटीहून चालत गेलं की डावीकडे जे. जे. स्कूल ऑफ आर्टचं आवार लागतं. 1857 साली सुरू झालेली संस्था. मी लेसच्या पिशव्या घेऊन त्या फाटकावरून वर्षानुवर्षं जात होते. तिथे शिकवायला 1865 मध्ये लॉकवुड किपलिंग आले, आणि समोरच्या क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भिंतीवर, प्रवेशाच्या कमानींवर जी दगडातली माणसं आहेत ती त्यांच्याच आराखड्यातली. मार्केट 1869 चं, आता महात्मा फुले मंडई. खाली फळवाले ओरडत असतात, वर शेतकरी गव्हाच्या शेतात काम करतायत. मान वर करून बघणारं मला तिथे कधी कुणी दिसत नाही. दगडाची माणसं हलत नाहीत, उतरून जात नाहीत, ताठ बसत नाहीत. सरावाला याहून चांगलं मॉडेल नाही, फक्त धक्के फार लागतात.

महादेव विश्वनाथ धुरंधर याच जे. जे. मध्ये शिकले आणि पुढे तिथेच शिकवत राहिले. 1920 साली निघालेल्या भारतीय स्त्रियांवरच्या एका इंग्रजी पुस्तकासाठी त्यांनी ठिकठिकाणच्या बायका रंगवल्या. त्यांची चित्रं मोबाइलवर मोठी करून बघते तेव्हा दागिने, साड्या नंतर. आधी कुठली बाई कुठल्या पायावर आहे ते बघते. त्यांच्या गर्दीच्या चित्रांतही मागच्या रांगेतला बोटभर माणूससुद्धा स्वतःच्या पायावर उभा असतो. पाठमोरी घागरवाली कुठेही चिकटवून दिलेली नाही.

आता ज्याबद्दल ओळखीच्या बायका मला दबक्या आवाजात विचारतात ते. तिथे कपडे काढून बसतात का गं? आमच्या हॉलमध्ये नाही. शेजारच्या खोलीत भजनी मंडळ असतं. कला महाविद्यालयांत तसा अभ्यास होतो, आणि व्हायला हवा असं माझं मत झालंय, कारण कापडाखाली काय आहे ते न बघता चुण्या काढणं म्हणजे अंदाजपंचे. माझ्या ट्रायलच्या कोपऱ्यात मी बायका बघतेच. पडदा ओढला की प्रत्येक जण आधी माफी मागते. वजन वाढलंय हो. दंड फार सुटलेत. पोट काही जात नाही. वीस वर्षांच्या मुलीसुद्धा. मी "काही नाही हो" म्हणून टाचण्या लावत राहते. पण एका रविवारी सरांनी त्यांच्या ओळखीच्या एका आजोबांना मॉडेल म्हणून आणलं, धोतर आणि बंडी, पंचाहत्तरीचे असतील. त्यांच्या हासळीच्या हाडाखाली पडलेले खळगे, कोपराची सुरकुतलेली कातडी, पाठीचा बाक, पुढे आलेली मान. पाठीचा बाक असलेल्यांचा ब्लाउज मागून उंच आणि पुढून आखूड बेततात, म्हणून तो बाक मला बरोबर आला, वर्गात सगळ्यात चांगला माझा. आणि सगळ्यांना त्या दिवशी काढायला मजा आली. दोन्ही मुली म्हणाल्या, आजोबांत धरायला जागा आहे, आमच्यासारख्यांत सगळं गुळगुळीत. हे वाक्य मी दुकानात पडद्याआड एकदा वापरून बघितलं. फार चाललं नाही.

सध्या माझं गाडं अडलंय ते पाय पुढे पसरून बसलेल्या माणसापाशी. आयटीतला मुलगा सतरंजीवर पाय आमच्याकडे करून बसतो. मला माहितीये त्याची मांडी वीसेक इंच तरी असणार. पण समोरून ती पेन्सिलीवर मोजली तर पावलापेक्षा आखूड! तळवा केवढा तरी मोठा, त्यामागे लगेच गुडघा, त्यामागे पोट, आणि डोकं लांब कुठेतरी लिंबाएवढं. मी तसं काढते, मग हात आपणहून मांडीला थोडं थोडं वाढवत जातो, चार रेघांत ती पुन्हा वीस इंचांची होते आणि मुलगा सतरंजीवरून घसरून खाली आल्यासारखा दिसतो. सर म्हणतात तुकडे एकमेकांवर ठेवा, पावलाने पोटरी झाकली, पोटरीने गुडघा, गुडघ्याने मांडी. लांबी विसरा. बँकेतल्या काकांना हे लगेच जमलं. त्यांना मांडीची लांबी माहीत नाही, हाच त्यांचा फायदा.

सर आता रंग आणा म्हणतायत. मी अजून आणलेले नाहीत. पावलं व्हायची आहेत, बोटं व्हायची आहेत, आणि एक मांडी.

लग्नसराई सुरू झालीय, मशीन रात्री उशिरापर्यंत चालतं. गिऱ्हाइकांना दारावरच पाटी लावून सांगितलंय, रविवारी सकाळी दुकान बंद. ज्यांच्याकडे रविवारी हळद आहे त्यांनी ब्लाउज शनिवारी रात्रीच घेऊन जावेत, ट्रायलसकट. फॉल-पिकोवाल्यांनी शुक्रवारी.